एक खाच बाहेर

शिडीवर उभी होते. हातातलं वजन निसटलं आणि नेमकं खालून येणाऱ्या माणसाच्या पायावर पडलं. वजन बोराएवढं, पण गडी असा कळवळला की विचारू नका!

"पाहुण्यांचं स्वागत असंच करता होय?"

"तिकीट न काढता घुसणाऱ्यांचं असंच!"

"मी तपासणीला आलोय..."

झालं! मी जीभ चावली.

आमच्या संग्रहालयातलं हे घड्याळ जगावेगळं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग आणि रात्रीचे आणखी सहा. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांबलचक, हिवाळ्यात आखूड. त्यासाठी वरच्या दांडीवरची दोन वजनं सकाळ-संध्याकाळ हातानं सरकवायची. बाहेरच्या खाचेत नेली की घड्याळ रेंगाळतं, आत घेतली की पळतं. चाळीस वर्षं हे काम बाबांनी केलं. त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून मी करते.

तो तपासणीवाला अशीच विचित्र वेळ दाखवणारी जुनी घड्याळं शोधत हिंडत होता. खिशात वीस घड्याळांची यादी. मी त्याचं नाव 'यादीवाला' ठेवून टाकलं.

"तीन पाहिली, तिन्ही बंद," तो म्हणाला. "हे चौथं... चालतंय!" आणि लहान मुलासारखा हसला. बोटाला शाई लागलेली होती, तीच गालाला लावून घेतली वेड्यानं.

पंधरा दिवस नोंदी घ्यायच्या. वेळ बरोबर निघाली तर घड्याळ इथंच चालू राहणार. नाहीतर बंद करून राजधानीतल्या काचेच्या कपाटात. हे ऐकून बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

प्रत्येक भाग संपला की टोला; मावळतीचा सहावा टोला पडला की आमचं दार बंद आणि त्याची बस.

"तुमच्या घड्याळात माझ्यासाठी थोडा जास्त वेळ नाही का?" एकदा त्यानं वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

"उन्हाळ्यात यायचं होतं! आता दिवस लहान होत चाललेत."

"मग वाढवा की..."

मी वाढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडीवर चढले आणि वजनं एक खाच बाहेर सरकवली. एकच खाच! त्या संध्याकाळी टोला उशिरा पडला, त्याची बस चुकली, आणि आम्ही पायरीवर बसून कितीतरी बोललो. मग रोजच.

"आज संध्याकाळ लांबली गं," मागच्या खोलीतून बाबा म्हणायचे.

पंधराव्या दिवशी तो वही घेऊन बाबांसमोर बसला. "बाबा, घड्याळ संध्याकाळी मागं पडतंय..." बाबांचा हात घड्याळाच्या किल्लीवर घट्ट झाला.

"घड्याळाचा दोष नाही," मी म्हटलं. "मी वजनं सरकवत होते. तुम्ही... तुम्ही थांबावं म्हणून."

त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर साधं घड्याळ होतं.

"रोज बस चुकतेय हे न कळायला मी काय खुळा आहे? निकालाची जागा कोरीच ठेवलीय बघ. खरं लिहिलं तर तुझी नोकरी जाते, घड्याळच चुकतंय असं खोटं लिहिलं तर बाबांचं घड्याळ."

"मग?"

"लिहितो की माझ्याच्यानं निःपक्ष तपासणी झाली नाही, दुसरा माणूस पाठवा. मला मात्र इथं परत पाठवणार नाहीत. उरलेली सोळा समुद्रापलीकडं आहेत..." त्यानं वही मिटली. "येतेस माझ्याबरोबर?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी, खरंच! पण वर दांडी डुलत होती. उद्या सकाळी वजनं कोण सरकवणार होतं? बाबांना तर दिसत नाही.

"नाही जमायचं," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि बस पकडायला निघून गेला. त्या दिवशी ती चुकली नाही.

महिन्याभरानं एक वयस्कर तपासनीस आले. पंधरा दिवस बसले, घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर निघालं. त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

आता मी वजनं ठरल्या खाचेतच ठेवते. काल शिडीवर होते, तेव्हा बाबा भिंत चाचपत आले.

"हल्ली संध्याकाळ वेळेवर संपते गं," ते म्हणाले. मग हळूच, "एखाद्या दिवशी लांबली, तर मी कुणाला सांगणार नाही हो..."

माझं बोट वजनावर होतं. डोळे भरून आले, खाच दिसेना.

"कुणासाठी लांबवू, बाबा?"