आवाज खाणारा माइक

"मॅडम, माइक आपला आवाज खातो का हो?"

जुई अहिररावने एकदाचं विचारून टाकलं. 'विचारून दाखव, तर खरी!' अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला मागे हटेल ती जुई कसली! आईने तिला कोपराने ढोसलं. ध्वनिप्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर मात्र खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसल्या.

"खातो की! आवाज म्हणजे हवेचे धक्के. त्यांनी माइकमधला पातळ पडदा हलतो आणि त्या हलण्याची वीज बनते. ही ऊर्जा येते कुठून? तुझ्या आवाजातूनच. साधा माइक चिमूटभर खातो, बाकीचा आवाज खोलीभर फिरतो. आमचा हा सर्वग्राही माइक ताटच साफ करतो! बाहेर काही उरत नाही, म्हणून नोंद अख्खी मिळते. कृत्रिम स्वरयंत्र नोंदीतल्याच आवाजात, त्याच ढंगात बोलतं, म्हणून त्याला अशी अख्खी नोंदच लागते."

ते स्वरयंत्र जुईच्या बाबांना बसवायचं होतं. घशातल्या गाठीमुळे त्यांचं मूळचं स्वरयंत्र सोमवारी काढणार होते. जेमतेम तासभर बोलण्याइतका आवाज उरलाय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा ग्रंथपाल. सगळं आयुष्य हळू बोलण्यात गेलेलं. रागावायचं असलं तरी कानाशी येऊन रागावायचे.

"चुकलं तर हो?" आईने विचारलं.

"नाही चुकणार. लाउडस्पीकर समोर ठेवून सहाशे चाचण्या घेतल्यात."

बाबा माइकसमोर बसले. ओठ हलू लागले. जुई दोन हातांवर होती, पण तिला काही म्हणजे काही ऐकू येईना. संगणकावरची आवाजाची रेघ चढत गेली.

"छान भरघोस येतोय," डॉ. मुजावर म्हणाल्या.

बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे पाणावले. जुईला वाटलं, गहिवरलेत.

तासाभराने नोंद वाजवली आणि आईने कान झाकले. बाबा ओरडत होते. "जुई, बाळा, जेवलीस का?" हेसुद्धा ओरडून!

डॉ. मुजावरांनी नोंद बंद केली. "त्यांचा आवाज त्यांच्याच कानापर्यंत पोचत नव्हता. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. लाउडस्पीकर चढवत नाही. साधे हेडफोन लावून त्यांचा आवाज त्यांना ऐकवायला हवा होता. नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवते मी हे..."

"मग आवाज बारीक करा ना!" जुई म्हणाली.

"ओरडणं बारीक केलं तरी ओरडणंच राहतं गं."

"मग आत्ता लावा हेडफोन! पुन्हा बोलतील बाबा."

बाबांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

डॉ. मुजावर वर बघेनात. बाबांनी आईची वही ओढून लिहिलं, 'चालेल. उशिरा का होईना, घरात दरारा बसेल.' आईला हसू फुटलं आणि त्यातच रडू.

जुईने वही मिटली.

"नाही चालणार. आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या हेडफोन लावून मी बसणार त्या माइकसमोर, तासभर, अगदी हळू बोलत. सोमवारनंतर बाबा माझ्या आवाजात बोलतील."