तीन कबुल्या

दुपारी बारापर्यंत इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर एकाच खुनाच्या तीन कबुल्या जमल्या, आणि सकाळचा चहा अजून पोटात गेला नव्हता.

एरवी एक कबुली मिळवायची तर घसा कोरडा पडतो. इथे माणसं रांग लावून बसली होती. पहिला स्वयंपाकी, दुसरी शिवणकाम करणारी बाई आणि तिसरी मेलेल्या बाईचीच एकोणीस वर्षांची लेक.

मेलेली बाई लेकीसह आठ वर्षं ‘सर’ म्हणवणाऱ्या एका गुरूच्या ‘निवासा’त राहत होती. आता तिला लेकीला घेऊन तिथून निघायचं होतं. सकाळी तिची थोरली बहीण टॅक्सी घेऊन न्यायला गेली, तर बॅग दाराशी भरलेली आणि धाकटी बिछान्यात गार पडलेली. तोंडावर उशी दाबली, सहाच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हणाले. त्या वेळी निवासातले चाळीस जण खालच्या हॉलमध्ये तासभर डोळे मिटून बसतात. म्हणजे कोण कुठे होतं, हे सांगायला कुणीच नाही. छान.

“उशी कुठल्या हाताने दाबलीस?” बाईंनी स्वयंपाक्याला विचारलं.

“तुम्ही म्हणाल त्या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे काय चाललंय हो?”

हवालदार सकाळपासून निवासात फिरून आला होता. “तिथली पद्धतच आहे, मॅडम. रोज संध्याकाळी सभा. काही बिघडलं की कुणीतरी उभं राहून चूक अंगावर घ्यायची. नळ गळला तरी.”

“आणि सर कुठली चूक घेतात?”

“सरांची चूक होत नाही म्हणे.”

बाईंनी लेकीला आत बोलावलं. पोरगी पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली.

“का मारलंस आईला?”

“ती सरांना सोडून चालली होती.”

“खोलीत शिरलीस तेव्हा समोर काय दिसलं?”

“सरांचा फोटो. बिछान्यासमोर. सगळ्यांच्याच खोलीत असतो.”

“आईशी शेवटचं कधी बोललीस?”

“महिना झाला. आईने सभेत उभं राहायचं सोडलं, म्हणून तिच्या खोलीत जायची मला मनाई होती.” मग घाईने, “पण आज गेले होते.”

फोटोबद्दल बाकी दोघांनीही हेच सांगितलं होतं. वरच्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले. त्यांना लेकीची कबुली पसंत होती, तिच्याकडे मारायचं कारण होतं ना. चार वाजता कोर्टात उभी करा, म्हणाले. बाहेर बाकावर मावशी रुमाल पिळत बसली होती. बहीण गेली, आता भाचीही जाणार. बाईंना त्या बाकाकडे बघवेना.

दुखरा गुडघा सांभाळत त्या मावशीला घेऊन पुन्हा निवासाचा जिना चढल्या.

लोखंडी खाट, बॅग, उशी. समोर सरांचा हसरा फोटो, खिळ्यावर जरासा वाकडा. बाईंनी हातमोजे घालून तो काढला आणि उलटा केला. मागच्या पुठ्ठ्यावर एक छोटा फोटो चिकटवलेला होता. चारेक वर्षांची मुलगी, बूट उलट्या पायांत घातलेली.

“आमचंच पिल्लू,” मावशी म्हणाली. “महिन्यापूर्वी हिची आई फोनवर म्हणाली होती, आता झोप लागते, उठल्यावर समोर पिल्लू दिसतं. मला वाटलं, भाची खोलीत राहायला आली.”

बाईंनी तो पुठ्ठा पिशवीत घातला आणि सरांची खोली विचारली.

सरांच्या खोलीत एकच खुर्ची, बाकी सगळी बुटकी स्टुलं. बाई उभ्याच राहिल्या. दाराशी दोन शिष्य होते. हवालदार वही काढून तयार होता.

“फार जीव होता तिचा माझ्यावर,” सर म्हणाले.

“तिच्या खोलीत कधी गेला होतात?”

“मी कुणाकडे जात नाही. लोक माझ्याकडे येतात. त्या खोलीत वर्षभरात पाऊल टाकलं नाही.”

“तुमची माणसं धडाधड कबुल्या देताहेत.”

“जबाबदारी शिकवलीय त्यांना.” सर हसले, अगदी फोटोतल्यासारखे.

“बरं. पंचनाम्यात एक गोष्ट लिहावी लागेल. तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून होता.” बाई साफ खोटं बोलल्या, आणि आवाजात कंटाळा ठेवून बोलल्या. “उद्या पेपरात येईल. तिला तुमचं तोंड बघवत नव्हतं. मेली तीही तुम्हाला भिंतीकडे वळवूनच.”

सरांचं हसू गेलं. “खोटं आहे.”

“बहीणही तेच सांगतेय.”

“मरताना ती माझ्याकडेच बघत होती. मी आधी फोटो सरळ केला, मग—”

हवालदाराचं पेन तेवढं चालू राहिलं. दाराशी एक शिष्य मटकन खाली बसला.

साडेतीनला बाईंनी लेकीला आणि मावशीला समोर बसवलं.

“ऐक. तुझ्या आईने महिन्यापूर्वी त्याचा फोटो उलटा करून पाठीवर तुझा चिकटवला. जिथे दिसणार नाही तिथे कुणी फोटो लावतं का? म्हणजे तो उलटाच टांगलेला होता. आज आत शिरणाऱ्याला आधी तू दिसणार, सर नाहीत. तुम्हा तिघांना हे ठाऊकच नव्हतं, कारण तुमच्यातलं कुणी गेलंच नाही.”

“मग फोटो सरळ कुणी केला?” मावशीने विचारलं.

“खुनी पळायच्या घाईत असतो. भिंतीवरचे फोटो नीट करत बसत नाही. आपलं तोंड भिंतीला लागलेलं सहन न होणारा तिथे एकच माणूस. नुसते ठसे सापडून भागलं नसतं, फोटो त्याचा, घर त्याचं. ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. आणि आज सगळे चुका घेत सुटले होते, तेव्हा गप्प बसलेलाही तो एकटाच.”

पोरीने खाली मान घातली. “सर रागावलेत का माझ्यावर?”

मावशीने तोंडाला पदर लावला. बाईंना इतकं थकल्यासारखं वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी पारदर्शक पिशवीतला छोटा फोटो पुढे सरकवला.

“पुरावा आहे, न्यायला मिळणार नाही. बघून घे.”

पोरगी बघत राहिली. “हे बूट मीच घातले होते. आई म्हणाली, असू दे, असेच छान दिसतात.” मग सवयीने उभी राहिली. “माझी चूक झाली.”

“कुठली?”

तिने आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. मग ती खाली बसली आणि आई गेली म्हणून सकाळपासून पहिल्यांदा रडली.