भुरीबाईची वासरं

जनावरांचे डॉक्टर दीनानाथ मुळे पांढरकवड्याहून सायकल मारत बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एकोणीसशे चौसष्टचा कार्तिक. सगळा तांडा कापूस वेचायला शेतात गेलेला. भुरीबाईच्या वासरांना घटसर्प झालाय, असा निरोप होता. अकरा वर्षं हेच काम केलेल्या माणसाला त्यात नवल नव्हतं.

पण तो घटसर्प नव्हता. अंगात ताप नव्हता, घसा सुजलेला नव्हता. पाचांतली दोन वासरं मरून पडली होती आणि दोन गोठ्यात गोल गोल फिरत होती, एकाच चालीनं, डावीकडेच. डोळ्यांपुढं हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. दात मात्र करकर वाजत होते, जात्यात खडा सापडल्यासारखे.

दीनानाथांनी मेलेलं वासरू उघडून बघितलं. यकृत फिकट पडलेलं आणि सुरीखाली चामड्यासारखं चिवट.

"खायला काय घालता यांना?"

भुरीबाईनं पोतं ओढत आणलं. साठीची बाई, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पोत्यात भुईमुगाची ढेप होती, तेल काढून उरलेली पेंड, दसऱ्याच्या पावसात भिजलेली. दीनानाथांनी आत हात घातला. आतून ती गरम होती, आणि बोटांना हिरवट पिवळी भुकटी लागली.

"फेकून कायले द्यायची म्हणलं," भुरीबाई म्हणाली. "गव्हाणीत टाकली तं तोंड नव्हते लावत. मंग माह्या हातावर घेतली. हातावरची खाल्ली, साहेब."

दीनानाथांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. बुरशी चढलेल्या ढेपेत विष तयार होतं, असं खात्याच्या कागदात त्यांनी वाचलं होतं. डोळ्यांनी आज बघत होते. भुरीबाईच्या मुलाकडून, लखीरामकडून, त्यांनी कंबरभर खड्डा खणवून पोतं पुरून टाकलं. फिरणाऱ्या दोघांचं काही खरं नव्हतं. पाचवं वासरू म्हणजे कालवड, सगळ्यांत लहान. तिनं दोनच दिवस ढेप खाल्ली होती.

"ही वाचेल," ते म्हणाले. "हिला गोठ्यात ठेवू नका. बाहेर बांधा."

चौथ्या दिवशी ते परत आले. फिरणारी दोन्ही वासरं मेली होती. कालवड मात्र निंबाखाली उभी होती आणि हिरवं गवत चघळत होती. त्यांनी तिचे डोळे तपासले, पोटावरून हात फिरवला. बरं वाटलं.

"साहेब, जरा कोठ्यात चाला," लखीराम म्हणाला. "माय दिवसभर तिथंच बसून राह्यते. मी नाई येत आत."

"काहून?" दीनानाथांच्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"आयकू येते."

लखीराम निंबापाशीच थांबला. दीनानाथ एकटेच गेले. गोठ्याच्या दाराशी भुरीबाई बसली होती. आत रिकाम्या गव्हाणी, रिकामे खुंटे. जमीन नुकतीच शेणानं सारवलेली, अजून ओली.

त्या ओल्या सारवणावर खुरांचे ठसे होते. चार गोल, एकात एक गुंतलेले. कुणाचं वासरू आत शिरलं असेल म्हणून त्यांनी दाराजवळची जमीन वाकून बघितली. तिथं एकही ठसा नव्हता. आत आल्याचा नाही, बाहेर गेल्याचा नाही.

मग करकर सुरू झाली.

उंदीर असतील म्हणून त्यांनी आढ्याकडे बघितलं. आवाज वरून येत नव्हता. तो कमरेच्या उंचीवरून येत होता आणि जागा बदलत होता. डावीकडे, डावीकडे.

भुरीबाई उठली, त्यांच्या बाजूनं आत गेली आणि रिकामा तळहात पुढं धरला.

"आव," ती हळूच म्हणाली.

करकर थांबली.

"माह्या हाताले सवकले ते," ती म्हणाली. "रोज येतेत. तुमीबी धरा हात, साहेब."

काहीच नाही हे तिला दाखवायचं म्हणून दीनानाथांनी हात पुढं केला.

खरखरीत, ओली, गार जीभ तळहातावरून फिरली.

अशी जीभ त्यांच्या हाताला हजारो वेळा लागली होती. चुकायला जागा नव्हती. हात मागं घ्यावा हेही सुचलं नाही.

दुसरी. तिसरी. सवयीनं ते मोजत होते. चौथी.

मग थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर निंबाखालून लखीरामनं आईला हाक मारली. पुन्हा मारली.

पाचवी जीभ लहान होती.

भुरीबाईनं दाराकडे बघितलं आणि होती तिथंच खाली बसली.

दीनानाथ वळले नाहीत. आधीच्या चारही जिभा गार होत्या. ही अजून कोमट होती.