उलटा फिरलेला ठोकळा

लायल आणि त्याची मोठी बहीण नोरीन डोंगर चढत होते ते उरलेलं मांस आणायला. आदल्या दिवशी नोरीननं एल्क हरण मारलं होतं, घोड्याएवढा नर. अर्धा दोघांनी पाठीवरून खाली आणला, अर्धा वरच झाडाला टांगून ठेवला. मोंटानातला हिवाळा लांब, नोरीनच्या घरात खाणारी तोंडं पाच. ते मांस सोडून चालणार नव्हतं.

तिच्या खांद्याला आजोबांची रायफल, त्याच्या कमरेला आजोबांचंच रिव्हॉल्व्हर. दोन्हींना एकच काडतूस चालायचं. जुनी काडतुसं काल संपली, म्हणून लायलनं स्वतः घरी भरलेल्या काडतुसांचा नवा डबा उघडला. तिनं एका टोकाची काडतुसं घेतली, त्यानं दुसऱ्या टोकाची.

"नीट भरलीस ना रे?" नोरीननं विचारलं.

"तुझ्या केकपेक्षा नीट."

"माझा केक खाऊन अजून कोणी मेलं नाही."

"तुझा नवरा रडत होता की परवा."

हसत हसत दोघं वर पोचले आणि हसू तिथंच थांबलं. झाडाखाली दोर तुटून पडला होता. कावळे फांदीवर गप्प बसले होते. वाऱ्यावर एक वास आला, ओल्या कुत्र्यासारखा, पण त्याहून उग्र. लायलच्या मानेवरचे केस उभे राहिले.

झुडपामागची तपकिरी टेकडी हलली. ग्रिझली!

अस्वलानं मांसावर पंजा ठेवला आणि मान वर केली. जबडे एकदा कटकन वाजवले. 

"हवेत बार काढ," नोरीन पुटपुटली. "पळेल."

लायलनं रिव्हॉल्व्हर आभाळाकडे धरून चाप ओढला. फुस्स. बाटलीचं बूच निघावं तेवढाच आवाज. हाताला धक्का नाही. धूर म्हणावा तर तोही नाही.

"आणखी एक घाल ना!"

त्यानं अंगठ्यानं घोडा मागे ओढला आणि हात थिजला. गोळी बाहेर गेलीच नव्हती. ती नळीतच अडकली होती. आता मागून दुसरी सोडली असती, तर नळी त्याच्याच हातात फुटली असती. त्यानं घोडा अलगद खाली सोडला.

काडतुसात दारूच नव्हती, बुडाच्या टोपीनं गोळी तेवढी नळीत ढकलली होती. पण त्यानं तर मोजून भरली होती! मग ती गेली कुठे?

तेवढ्यात त्याला काडतुसं भरली ती संध्याकाळ आठवली. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत रिकामी काडतुसं ओळीनं उभी होती. पहिल्या दोन ओळींत दारू घालून झाली आणि कुत्रा टेबलावर चढायला लागला. लायलनं ठोकळा उचलून फळीवर ठेवला, कुत्र्याला हाकललं, ठोकळा परत आणला. रेडिओवर बेसबॉलचा सामना रंगात आला होता. ठोकळा उलटा फिरलाय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आपल्या जवळच्या दोन ओळी झाल्यात असं धरून त्यानं पलीकडच्या सगळ्यांत दारू घातली, आधी भरलेल्या दोन ओळींतही. बॅटरी मारून प्रत्येक काडतुसात डोकवायचं, तेही त्या दिवशी राहिलं. आणि गोळ्या बसवून ती तशीच ओळीनं डब्यात घातली.

त्याचं टोक रिकामं. म्हणजे नोरीनच्या टोकाला दुप्पट दारू!

अस्वल निघालं. कान मागे पाडून, झुडपं मोडत, सरळ अंगावर. नोरीननं रायफल खांद्याला लावली. आजोबांच्या रायफलीचं जुनं लोखंड, आणि त्यावर टेकलेला बहिणीचा गाल.

"नोरीन, नको!"

ती ऐकण्यापलीकडे होती. तिचं बोट वळताना त्याला दिसलं. त्यानं झेप घेतली आणि आपला हात रायफलीच्या मागे उठलेल्या, काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याखाली खुपसला. घोडा खटकन अंगठ्याजवळच्या मांसात घुसला. लायलच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बार झाला नाही.

"मारतोस का मला?" ती दातांतून म्हणाली.

"हलू नको. ही फुटेल. तुझ्या तोंडावर फुटेल."

पळता येईना. हात रायफलीत, रायफल तिच्या हातात, दोघं एकमेकांना अडकलेले. म्हणून नुसते उभे राहिले. अस्वल आलं, आणखी जवळ आलं, आणि मातीत चारी पाय रोवून थांबलं. त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. लायलची थरथर रायफलीतून बहिणीला कळत होती. तिची त्याला.

अस्वलानं फुत्कार टाकला. वळलं. मांसाकडे परत गेलं.

"घे बाबा, तुझंच आहे," नोरीन अगदी हळू म्हणाली. एकेक पाऊल मागे टाकत दोघं उतरले. झाडी संपेपर्यंत तिनं घोडा वर केला नाही, त्यानं हात काढला नाही.

गाडीपाशी लायलनं पकडीनं तिच्या काडतुसातली गोळी उपसली आणि दारू टपावर ओतली. मग खिशातल्या आपल्या काडतुसाची गोळी उपसून ते उलटं केलं. काहीच पडलं नाही. टपावरच्या त्या दुप्पट ढिगाकडे नोरीन बराच वेळ बघत राहिली.  

घरी पोचल्यावर ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. ठोकळा उचलला, चाकू काढला आणि एका टोकाला खोल खाच पाडली.

"ही बाजू तुझ्याकडे," ती म्हणाली. हात वर करून तिनं रेडिओ बंद केला, खुर्ची ओढली आणि बॅटरी पेटवली. "चल, भर. आत मी बघते."