कबरींजवळ उठवणीची धून

हे खरं घडलेलं आहे, आणि मी ते स्वतः पाहिलेलं आहे.

जन्मभर शाळेत शिकवलं मी. मुलांसमोर खोटं बोललं की ती नजर दुसरीकडे वळवतात. ही गोष्ट मी कितीतरी मुलांना सांगितली. अजून एकाचीही नजर हललेली नाही.

ठिकाण आमचं वुरंडीन. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडचं गव्हाचं गाव. वेळ म्हणाल तर एप्रिलमधली दुपार, शाळा सुटल्यानंतरची. वादळ नव्हतं, अंधार नव्हता. स्वच्छ ऊन पडलं होतं.

त्याचीच आता जास्त भीती वाटते.

माझं घर दफनभूमीच्या समोर आहे. मध्ये फक्त खडीचा रस्ता. दफनभूमीत अगदी मागे, कुंपणाला लागून, सैनिकांची एक रांग आहे. पहिल्या महायुद्धात गावाबाहेर छावणी होती. नवी पोरं तिथे कवायत शिकायची आणि रेल्वेने बंदराकडे जायची. एका हिवाळ्यात छावणीत छातीचा ताप शिरला. ती रांग त्यात गेलेल्या पोरांची. सगळे विशीच्या आसपासचे. त्यांनी युद्ध पाहिलं नाही.

बोटसुद्धा पाहिली नाही.

त्या वर्षी ॲन्झॅक डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या, पहाटे गावातल्या स्मारकाजवळ बिगूल वाजवायला टेगनची निवड झाली होती. तेरा वर्षांची, हट्टी, पण कानाची पक्की. तिची तयारी माझ्याकडे होती. बिगूल मला आता वाजवता येत नाही, कवळी बाहेर येते. पण शिकवता येतं.

दोन धुना असतात. पहिली लास्ट पोस्ट. दिवस संपला, पहारा संपला, आता विसावा घ्या. मग शांतता. आणि शांततेनंतर उठवणीची धून.

"सर, मेलेल्यांना परत उठवायचं कशाला?" तिने विचारलं.

"त्यांना नाही गं. ती आपल्यासाठी असते. झालं, आता घरी जा, कामाला लागा."

"मग ती त्यांच्यासाठी नाहीये, हे त्यांना कसं कळणार?"

माझ्या बँडमास्तरांनी मला सांगितलं होतं, तेच मी तिला सांगितलं. पहिलीशिवाय दुसरी वाजवायची नाही. आणि कबरींजवळ तर दुसरी मुळीच वाजवायची नाही.

"का?"

"शिस्त म्हणून."

मला तरी तेवढंच माहीत होतं.

टेगनचा बाप डॅरल. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांची टोळी चालवतो. तोही माझाच विद्यार्थी. घरात बाप, लेक आणि एक कुत्रा, एवढीच माणसं.

"घरात वाजवू नकोस बाई," तो तिला म्हणाला. "कुत्रं रडतं. आणि मेंढ्यांची लोकर आपोआप गळायला लागली तर माझ्या धंद्याचं काय?"

"मग कुठे वाजवू?"

"जिथे कोणी तक्रार करणार नाही तिथे."

ती दफनभूमीत गेली.

मी व्हरांड्यात सफरचंदं सोलत बसलो होतो. समोरून बिगूल ऐकू आला. उठवणीची धून. मध्येच अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळली.

लास्ट पोस्ट नाहीच.

मी सुरी ठेवली, काठी घेतली आणि निघालो. म्हाताऱ्याची चाल. फाटकाशी पोचलो तेवढ्यात धून पूर्ण वाजली. एकही सूर चुकला नाही. इतकी छान, की मी उभा राहून ऐकली.

आणि मग...

निलगिरीच्या झाडावरचे मॅगपाय पक्षी गप्प झाले.

दूर एक ट्रॅक्टर चालला होता. चाललेला दिसत होता, पण आवाज येत नव्हता. मी काठी खडीवर टेकली. तिचाही आवाज झाला नाही.

टेगन त्या मागच्या रांगेत उभी होती. सुरांचा कागद एका शिळेला टेकवलेला. जॅकेट शेजारच्या शिळेवर टांगलेलं.

"सर, जमलं. ऐकलंत?"

तिचा आवाज मात्र नीट आला.

"पहिली वाजवलीस का?"

"ती येते हो मला. हीच अडत होती."

"जॅकेट काढ तिथून. आणि आता लगेच पहिली वाजव."

तिने ओठ दाखवला. फुटला होता, रक्त आलं होतं. "उद्या वाजवते, सर. आज नाही निघणार."

आम्ही फाटकाकडे निघालो. ती पुढे, मी मागे.

आणि माझ्या मागे... खडी वाजली.

एक पाऊल नव्हतं. बरीच होती. एका तालात.

मी थांबलो. मागचे बूटही थांबले. त्यातला एक जरा उशिरा टेकला. कवायत नव्याने शिकणाऱ्या पोराचा टेकतो ना, तसा.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी डॅरलचा फोन आला.

"सर, पोरीला एवढ्या पहाटे कशाला बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं."

तो हळू आवाजात म्हणाला, "ती अंगणात उभी आहे. ताठ. बुटांना पॉलिश केलंय. घोंगडीची वळकटी करून खांद्याला बांधलीये, बिगूल काखेत आहे. कुत्रं पिकअपखाली दडून बसलंय, बाहेर यायला तयार नाही. मी विचारलं, काय करतेस? तर म्हणते... हळू बोला बाबा. हजेरी चाललीये."

उजाडल्यावर तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. नाश्त्याला नेहमीसारखी दोन अंडी खाल्ली आणि शाळेत गेली. ओठ सुजलेला होता, म्हणून पहिली धून त्या दिवशीही राहिली.

त्या रात्री डॅरलने दाराला आतून कडी घातली. दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीतच झोपला.

पहाटे जाग आली. कडी जागच्या जागी. खुर्ची जागच्या जागी.

टेगन नव्हती.

तो मला घ्यायला आला. कुठे शोधायचं ते त्याला सुचेना. मला सुचलं. छावणीतली पोरं दुसरीकडे कुठे जाणार?

आमच्या गावातली रेल्वे केव्हाच बंद झाली. फलाट तेवढा उरलाय. रूळ होते तिथे आता डांबरी रस्ता आहे, त्यावरून धान्याचे ट्रक भरधाव जातात. पिकअपच्या उजेडात ती दिसली. फलाटाच्या अगदी कडेला, पाठ आमच्याकडे.

"टेगन, मागे ये," डॅरल म्हणाला.

"गाडी येतेय, बाबा. बिगूलवाला सगळ्यांच्या आधी चढतो."

दूर दोन दिवे दिसले. मोठे होत होते.

तिने पाय उचलला.

डॅरल धावला. हाताला घोंगडी लागली, तीच धरून त्याने तिला मागे ओढलं. दोघंही आडवी पडली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. धूळ उडाली, वारा आला, मग सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत आमच्या मागे... कोणीतरी खोकलं.

मग दुसरं कोणीतरी. मग तिसरं. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघणारी माणसं खोकतात, तसं.

डॅरल लेकीला कुशीत धरून तसाच बसून राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्या तोंडून थट्टा ऐकली नाही.

दुपारी आम्ही तिघं दफनभूमीत गेलो. निलगिरीवर पाखरू नव्हतं. दोन दिवस नव्हतं.

"धूनच हवीये ना त्यांना?" डॅरल म्हणाला. "फोनवर आहे की." त्याने पिकअपच्या स्पीकरवर लास्ट पोस्ट लावली. मोठ्या बँडची, सुरेख.

धून संपली.

काहीच झालं नाही. फक्त रांगेत कोणाचा तरी बूट खडीवर जरासा सरकला. कंटाळलेल्या माणसाचा.

"यंत्राचा हुकूम कोण ऐकतो?" मी म्हणालो. "जिने उठवलं तिनेच निजवायला हवं. टेगन, घे बिगूल."

"मी नाही वाजवणार."

"ओठ दुखतोय का?"

"ओठ बरा आहे." ती पायाकडे बघत होती. "त्यांना जायचंय, सर. एवढी तयारी केलीये त्यांनी. आता पुन्हा झोपा, असं कसं सांगू?"

"अगं, आज ट्रकखाली गेली असतीस तू," डॅरलचा आवाज फाटला.

"मी एकटी नव्हते, बाबा."

डॅरलचा चेहरा पांढरा पडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागावून मूल ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं.

"टेगन, त्यांना कुठे जायचंय?"

"बोटीवर."

"बोट आहे का?"

ती विचारात पडली. मग मान हलवली. "नाही. पण त्यांना हे कोणी सांगितलंच नाहीये ना."

बरोबर होतं तिचं. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही दर वर्षी तिथलं गवत कापतो, फुलं ठेवतो आणि घरी जातो.

मी हॅट काढली. रांगेच्या समोर जाऊन उभा राहिलो. वर्गासमोर उभा राहायचो तसा.

"मुलांनो," मी म्हणालो, "ऐका. बोट गेली. तुमचे सोबती तिच्यातून गेले आणि लढले. बरेचसे तिकडेच राहिले. मग युद्ध संपलं. तुम्हाला उशीर झाला नाही, तुम्ही आजारी पडलात. त्यात तुमची चूक नव्हती. आता ती गाडीही नाही, रूळही नाहीत. ही मुलगी तुमची बिगूलवाली नाही. हिला अजून शिकायचंय, मोठं व्हायचंय. हिच्या चुकीने तुमची झोप मोडली, त्याची ती माफी मागतेय. हिला सोडा."

टेगनने मान खाली घातली. "माफ करा," ती पुटपुटली.

ऊन उतरत चाललं होतं.

मग टेगनने डोळे पुसले, बिगूल उचलला आणि लास्ट पोस्ट वाजवली. ओठातून पुन्हा रक्त आलं. शेवटचा सूर तिने लांबवला, श्वास संपेपर्यंत.

थोडा वेळ काही नाही.

मग... खडीवर पावलं. पण आता ताल नव्हता. एक इकडे, दोन तिकडे. दमलेली माणसं आपापल्या तंबूकडे जातात तशी. एकेक करून थांबली.

आणि निलगिरीवर मॅगपाय ओरडला.

दुसऱ्या दिवशी टेगन ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपली. कडी लावलेली होती आणि ती घरातच होती.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

ॲन्झॅक डेच्या पहाटे सगळं गाव स्मारकस्तंभाजवळ जमलं. दुसरी धून तिथेच वाजवायची असते, आणि पहिलीनंतरच. नियमाने सगळं ठीक होतं. तरी मी टेगनपासून हाताच्या अंतरावर उभा राहिलो.

टेगनने लास्ट पोस्ट वाजवली. सगळ्यांच्या हॅट हातात. शांतता.

शांतता संपायची वेळ झाली. तिने बिगूल ओठांना लावला...

आणि वाजवला नाही.

ती स्तंभासमोरच्या जागेकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढी गर्दी, लहान मुलं टाचा उंचावून बघतायत, माणसं एकमेकांना खेटून उभी. पण स्तंभासमोर एका रांगेपुरती जागा रिकामी होती. तिथे कोणी पाय ठेवला नव्हता. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. डॅरलनेही नाही.

टेगनची नजर त्या जागेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली. मग तिने बिगूल खाली घेतला.

शांतता कोणी संपवलीच नाही. कधी हलायचं ते कोणाला कळेना. उजाडलं, तशी माणसं हॅट चढवून, न बोलता, एकेक करून निघून गेली.

"का नाही वाजवलीस?" मी तिला नंतर विचारलं.

"ते वाचत होते, सर. मध्येच कसं तोडायचं?"

"काय वाचत होते?"

"दगडावरची नावं. वरून खाली, आणि मग पुन्हा वरून. स्वतःची शोधत होते."

आमच्या स्तंभावर बोटीवर चढलेल्यांचीच नावं आहेत. छावणीतच तापाने गेलेल्या पोरांचं एकही नाही.

मी कमिटीला कितीदा सांगून पाहिलं. दगडावर जागा नाही, म्हणतात. टेगन आता मेलबर्नमध्ये असते. दर एप्रिलला येते आणि फक्त पहिली धून वाजवते. दुसरी आमच्या गावात तेव्हापासून वाजलेली नाही.

गेल्या वर्षी गावात नव्याने राहायला आलेलं एक कुटुंब अगदी पुढे जाऊन उभं राहिलं. त्यांना मागे बोलवायला मी काठी उचलली. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो माणूस बायकोमुलांना घेऊन आपणहून मागे आला, माझ्या शेजारी.

"मागे का आलात?" मी हळूच विचारलं.

"आमच्यामुळे त्या पोरांना दगड दिसत नव्हता."

"कोणत्या पोरांना?"

त्याने दाखवायला हात पुढे केला...

मग तो हात हळूच खाली घेतला. आणि हॅट काढली.