घासत येणारं पाऊल

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवते. भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्या आणि पिंपळ शोधायला लागतात. ही भर दुपारची आहे. अंगणात कडक ऊन होतं आणि गावात माणसांचा राबता होता.

आणि ती खरी आहे. कोकिळामावशी माझ्या आईची सख्खी बहीण. तिला खोटं बोलणं जमायचंच नाही, आणि दुसऱ्याचं खोटं तर तिला मुळीच सोसायचं नाही.

तेच तिच्या नशिबी आलं.

मावशीचं गाव आर्वीपासून दोन-तीन कोसांवर. यजमान वासुदेवराव. माणूस सोन्यासारखा, पण दारूनं पार धुऊन काढलेला. शेवटी मावशीनं त्यांना एसटीत बसवलं, केळझरच्या गणपतीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. थेंबाला शिवणार नाही म्हणून.

गाव हसलं. मांजरानं दूध सोडलं म्हणे.

पण वासुदेवरावांनी शब्द पाळला. पोळ्याला दोस्तांनी गळ घातली, तरी पाळला. मावशी तेव्हा ताठ मानेनं विहिरीवर जायची. आपल्या माणसानं आपल्यासाठी काहीतरी सोडलं, याचा तिला फार अभिमान होता.

मग सत्त्याहत्तर सालचा जानेवारी आला.

त्या काळी कापूस सरकारच घ्यायचं. आर्वीच्या बाजारात बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची. बंडीखालीच झोपायचं, तिथंच चूल मांडायची, आणि रांग सरकली की बैल जुंपून पुढं व्हायचं. रांगेतून बंडी बाहेर काढली, किंवा ती सोडून कुठं गेलं, की नंबर गेला. पुन्हा शेपटापासून सुरुवात.

वासुदेवराव गेले. त्यांच्यामागची बंडी चुलतभाऊ नत्थूजीची होती. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले.

परत आली ती वासुदेवरावांची मयतच. नत्थूजीच बंडी हाकत होता.

वासुदेवरावांच्या सदऱ्याला दारूचा वास येत होता.

"वैनी, दादानं शपथ मोडली," नत्थूजी रडत म्हणाला. "म्या लय सांगतलं. आयकलं नाई. पेले, पडले, आन् उठलेच नाई."

मावशीनं सदरा नाकाशी नेला. खाली ठेवला.

ती रडली नाही. तेरवी केली, ती लोकलाजेस्तव. भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून पेटीच्या तळाशी उपडा टाकला. माझी आई समजवायला गेली, तर मावशी तिला म्हणाली की मेल्याचं मला दुःख नाही. फसवून गेले, त्याचं आहे.

पुढं वर्षभर शेताचं सारं नत्थूजीनंच पाहिलं. वखरणी, पेरणी, बैलांचा चारा. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सख्खा नवरा खोटा निघाला, पण हा देवमाणूस भेटला.

पुढच्या संक्रांतीच्या आधी पहिल्यांदा ते झालं.

दुपारची वेळ. मावशी आत तीळ निवडत बसली होती. अंगणात पाऊल वाजलं.

खट...

मग काहीतरी घासत आलं... सर्र...

खट... सर्र...

एक पाऊल टाकलेलं. दुसरं ओढत आणलेलं.

मावशीला वाटलं, कुणी म्हातारं माणूस असेल. ती बाहेर आली.

अंगणात कुणीच नव्हतं.

पण धुळीत एक पाऊल नीट उमटलं होतं. त्याच्या शेजारी पाऊल नव्हतं... नुसती एक लांब रेघ होती. पुन्हा एक पाऊल. पुन्हा रेघ. फाटकापासून ओसरीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरचा पाण्याचा गडवा कलंडलेला दिसला. थोडं पाणी कुणीतरी तोंडाला लावलं असावं, कारण खाली ओघळ होता. पण सगळा ओघळ एकाच बाजूला... उजव्या.

तिसऱ्या दुपारी आवाज आला.

वासुदेवरावांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. त्या काळी कोणीच मारत नसे. ते नेहमी म्हणायचे, "आयकते का?"

दाराबाहेर तेच शब्द आले. पण जड... ओले... जीभ तोंडात मावत नसल्यासारखे.

"आय... आय... क..."

मावशीच्या हातातलं सूप खाली पडलं. भीतीच्या आधी तिला राग आला. जिवंतपणी फसवलंच, आता मेल्यावरही पिऊनच आले. झोकांड्या खात, बोबडं बोलत.

तिनं दाराला कडी घातली आणि आतून म्हणाली, "पेऊन आले असान तं या घरात पाय ठेवू नका. मले तुमचं तोंड पाहाचं नाई."

बाहेर सगळं शांत झालं.

मग ते पाऊल परत गेलं. खट... सर्र... फार हळू गेलं ते. उंबऱ्यावरून हाकलून दिलेला माणूस जावा तसं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मावशीच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि तिची झोप उडाली.

एवढ्या जवळ येऊन गेले... पण दारूचा वास आला नव्हता.

पुढं रोज दुपारी तेच. पाऊल यायचं, पाणी एका अंगानं सांडायचं, जड जिभेची हाक यायची. मावशीनं दार उघडलं नाही. नत्थूजीला तिनं हे सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. घरी शांती करून घ्या म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

संक्रांत झाली. हळदीकुंकवाचे दिवस होते. शेजारच्या मनकर्णाबाई ओसरीवर येऊन बसल्या होत्या.

खट... सर्र...

मावशीचं अंग आकसलं. पण मनकर्णाबाई फाटकाकडे पाहत म्हणाल्या, "नत्थूजी काऊन असा चालून राह्यला?"

या वेळी खरंच माणूस होता.

नत्थूजी उजवा पाय ओढत येत होता. उजवा हात दोरी लटकावी तसा लोंबत होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि तिथून लाळ गळत होती. तो काहीतरी सांगायला पाहत होता, पण एक शब्द धड निघत नव्हता. ओसरीशी येऊन तो कोसळला.

"भरदुपारी पेला वाटते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आंबट ताक पाजू, उतरते."

आमच्याकडे दारू उतरवायची ही जुनी रीत आहे. माणसाला बसवायचं, डोकं धरायचं आणि ताक नाहीतर लिंबाचं पाणी घशात ओतायचं. मनकर्णाबाई आतून वाटी भरून घेऊन आल्या आणि नत्थूजीच्या ओठाला लावणार, तोच...

वाटी उपडी झाली.

कुणाचा हात लागला नव्हता. मनकर्णाबाईंनी ती घट्ट धरली होती, त्या आजही तसंच सांगतात. कुणीतरी खालून मारल्यासारखी वाटी उडाली आणि ताक सगळ्या ओसरीभर झालं.

मावशी त्या ताकाकडे पाहत राहिली. मग नत्थूजीच्या पायाकडे. मग फाटकापासून आलेल्या त्या रेघेकडे.

तिला काय कळलं ते तिलाच नीट सांगता येत नाही. पण ती म्हणाली, "याच्या तोंडात कोनी काई घालू नका. बंडी जुंपा."

दोन माणसं हाताशी घेऊन तिनं त्याला बंडीत निजवलं, कुशीवर, लाळ बाहेर गळून जावी असं. वासुदेवरावांचीच बैलजोडी होती. बैल आर्वीपर्यंत कुठंही अडले नाहीत. कुणी शेपूट पिळली नाही, की तुतारीची आर टोचली नाही.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नत्थूजीला हसायला सांगितलं. अर्धंच तोंड हललं. दोन्ही हात वर धरायला सांगितले. डावा राहिला, उजवा हळूहळू खाली आला. नाव विचारलं. जड, ओला आवाज निघाला.

मावशी भिंतीला टेकली. हा आवाज तिनं रोज दाराआडून ऐकला होता.

"दारू पेला का जी हा?" तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टरीण रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत म्हणाली. "हा अर्धांगवायू आहे. लकवा म्हणता ना तुम्ही, तोच. मेंदूचं रक्त अडलंय, नाहीतर आत फुटलंय. रक्तदाब फार चढलाय. याला तोंडावाटे काही दिलं का?"

"नाई."

"बरं केलं. याला गिळता येत नाही. पाजलं असतं तर ते छातीत गेलं असतं. पुष्कळ लोकांना वाटतं माणूस प्यायलाय, आणि तिथंच वेळ जातो."

मावशी बाहेर व्हरांड्यात आली. तिथून बाजाराचं आवार दिसत होतं. कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली होती. दवाखाना आणि रांग यांच्यात एक रस्ता होता, बस्स.

तिथं ती रडली. वर्षभराचं रडली. शपथ मोडली नव्हती माणसानं. आणि आपण त्याला दारातून हाकललं.

नत्थूजी वाचला. डॉक्टरांनी नळीनं खाऊ घातलं, रक्तदाब उतरवला, हातपाय रोज हलवून घेतले. होळीच्या सुमारास त्याची जीभ थोडी वळायला लागली. मावशी त्याच्या खाटेशी बसली आणि तिनं एकच विचारलं. तुझ्या दादाला आर्वीत काय झालं होतं?

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

मग तुटक तुटक बोलला. वासुदेवराव रांगेत बैलाला पाणी दाखवत होते. एकदम उजवा पाय ओढायला लागले. तोंड वाकडं झालं. लोकांना वाटलं, जुना दारुडा, चढली असेल. ताक आणा म्हणाले.

"तुले नाई समजलं?" मावशीनं विचारलं. "तुह्या मायले लकवा झालता. तुनंच तिचं केलं सारं."

"समजलं," नत्थूजी म्हणाला.

"मंग दवाखान्यात काऊन नाई नेलं?"

"दोनच बंड्या होत्या पुढं. तिसरा नंबर माहा. बंडी सोडून गेलो असतो तं..." त्याला पुढचं सांगता येईना. "म्या म्हनलं, पेलेच हाय. ताक म्याच पाजलं. दादा माह्याकडं पाहून राह्यलता, वैनी. त्याले सारं समजत होतं. बोलता येत नोतं, इतकंच."

"आन् सदरा?"

नत्थूजीनं डोळे मिटले. "मेल्यावर... म्या ओतली. कोनी इचारू नये म्हनून."

मावशी उठली. घरी आली. पेटीच्या तळातून फोटो काढला, पदरानं पुसला, भिंतीवर लावला. ज्याला तिनं वर्षभर देवमाणूस म्हटलं होतं, त्याच्या घराची वाट तिनं त्या दिवशी सोडली.

तिला वाटलं, आता संपलं. खरं काय ते उघड झालं. आता ते शांत होतील.

पण दुसऱ्या दुपारी... खट... सर्र...

तेव्हापासून ती एकाच प्रश्नावर अडून बसली आहे. वासुदेवराव रोज येत होते ते कशासाठी? नत्थूजीला वाचवता यावं म्हणून, की त्याच्या तोंडून खरं निघावं म्हणून? वाटी त्यांनी दयेनं उडवली का? मग तोच महिना कसा, तीच उजवी बाजू कशी? नत्थूजीला ते दुखणं दिलं कुणी?

काठी टेकत चालता यायला लागल्यावर नत्थूजी दुपारचा मावशीच्या अंगणात येऊन बसायचा. बोलायचा नाही. मावशीही बोलायची नाही, पाणीही द्यायची नाही. तरी तो यायचा.

एकदा पाऊल वाजलं, तेव्हा मावशी नुसतीच बसून राहिली. वाटलं, नत्थूजीच असणार. थोड्या वेळानं तिनं मान वर केली, तर नत्थूजी आत्ता कुठं फाटकात पोचत होता. ओसरीवर गडवा कलंडलेला होता... पाणी एका बाजूला वाहत होतं. त्यानंही ते पाहिलं. फाटकातूनच तो परत फिरला, आणि नंतर कधी आला नाही.

चौऱ्याऐंशीत नत्थूजी मेला.

पाऊल अजून येतं. मी स्वतः ऐकलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मावशी आता दाराला कडी घालत नाही. पाऊल वाजलं की गडवा भरते, उंबऱ्यात येऊन उभी राहते आणि विचारते, "कोन हाय?"

उत्तर येतं. पण जड येतं, ओलं येतं, दोघांतलं कुणाचं ते नीट लागत नाही.

त्यातल्या एकाला तिला पाणी द्यायचं आहे आणि दुसऱ्याला नाही. गडवा हातात धरून ती तशीच उभी असते.