साध्या बरणीतली वीस पाखरं

माझं आणि माझ्या नणंदेचं कधीच पटलं नाही. त्यामुळे तिची बाजू घेऊन खोटं सांगायचं मला काही कारण नाही. हे घडलं ते भर दिवसा, सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात.

ती एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. साठवलेल्या धान्यात जी पाखरं होतात ना, त्यांच्यावर कीटकनाशक तपासायचं. एका बरणीत पावडर आणि वीस पाखरं. दुसरी बरणी साधी, पावडरीविना, तीही वीस पाखरांची. साध्या बरणीतली मेली, तर पावडरीचा गुण कळत नाही, चाचणी रद्द.

आधी हे काम तिथल्या एक जुन्या बाई करायच्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. "या पावडरीनं माझा श्वास कोंडतो," असं त्यांनी तीनदा लिहून दिलं. साहेब हसले.

तीन महिन्यांनी ताई गेल्या. छातीच्याच दुखण्यानं.

त्यांची एक खोड होती. मेलेली पाखरं दहा-दहाच्या रांगेत मांडायच्या. डोकी खिडकीकडे.

त्या सकाळी नणंदेनं कुलूप उघडलं...

पावडरीच्या बरणीत वीसच्या वीस फडफडत होती.

आणि साध्या बरणीत...

दोन रांगा. डोकी खिडकीकडे.

बरणीच्या तोंडावरचं फडकं जसंच्या तसं बांधलेलं.

तिनं गाठ सोडून एकेकाला ब्रशानं डिवचलं. एकाचाही पाय हलला नाही.

साहेब आले. "लेबलं उलटी लागली असतील. बदला."

"मी स्वतः लावलीत."

"मग स्वतःच बदला. उद्या मंजुरी आहे. आठवड्यात पावडर प्रत्येक कोठारात जाईल. आणि तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे, बाई."

नणंदेचा हात लेबलाकडे गेला. हे तिनंच कबूल केलं. एक कोपरा सुटलाही.

तेवढ्यात खोकला...

कोरडा. दोनदा. ताईंच्या स्टुलाकडून.

स्टूल रिकामं होतं.

"क... कोण आहे?" साहेब पांढरे पडले.

"ज्यांच्या पत्रांना तुम्ही हसलात, त्या," नणंद म्हणाली.

तिनं कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला. वहीत लिहिलं: साधी बरणी, वीस मेलेली. चाचणी रद्द. ताईंची तक्रार तपासावी. खाली ठसठशीत सही.

"आता काढा मला. पेनानं लिहिलंय, खोडरबर शोधू नका."

काढलंच. अडीच महिने झाले, ती आमच्याकडे आहे आणि माझ्या प्रत्येक भांड्याला नावं ठेवते आहे.

आज सकाळी मी गव्हाचा डबा उघडला...

गव्हावर दोन रांगा. डोकी खिडकीकडे.

माझ्या हातून झाकण पडलं. ती आली, पाहिलं, केस बांधले, पर्स उचलली.

"वन्सं, कुठे निघालात?"

"ऑफिसात. कुणीतरी लेबलं बदललेली दिसतायत."

"अहो, तुम्हाला आत कोण घेणार?"

"मला नका घेऊ म्हणावं. ताईंना कोण अडवतंय ते बघते."

ती गेली. मी डब्याला झाकण लावलं. घट्ट. वर पाटा ठेवला.

आत्ता धीर करून पुन्हा उघडून पाहिला...

आत नुसता गहू. एकही पाखरू नाही. वन्संबरोबर ताईही निघाल्या वाटतं.

घड्याळात अकरा वाजलेत. वन्सं फोन उचलत नाहीत.